वर्गातल्या मुलाबद्दल आईबाबांशी बोलायचं कसं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरला चौथीला शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, हुशार आहे, पण गेले काही महिने मधल्या सुट्टीत कुणालाही ढकलतो, शेजारच्याची वही फाडतो. डायरीत कितीदा लिहून पाठवलं. आई म्हणते घरी तर तो असं काहीच करत नाही, आणि पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षकांच्या सभेला, बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम तुम्ही दोन ठेवून द्या, आमची परवानगी आहे. मुलगा तिथेच उभा होता हो. आता क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीचे पॅरेंट्सही चिडलेत. काय बोलू?
– एक शिक्षिका, राजेंद्र नगर

उत्तर: आधी त्या परवानगीचं बघू. ती द्यायचा हक्क बाबांना नाहीच, शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नी शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. पण बाबांना कायदा दाखवून गप्प नका करू, सरळ सांगा की मी मारणार नाही आणि माझ्या तक्रारीवरून तुम्ही घरी त्याला मारलंत तर पुढे तुम्हाला काही कळवायचीच मला भीती वाटेल. तरी अंगावर वळ दिसले किंवा तो घरी जायला घाबरतोय असं वाटलं तर गप्प बसू नका, प्रिन्सिपलना सांगा, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

पीटीएम ही या बोलण्याची जागाच नाही, मागे रांग लागलेली, सगळ्यांचे कान तुमच्याकडे, अशात कुठलाही बाप आधी स्वतःची इज्जत वाचवणार. दोघांना वेगळं बोलवा, राजवाड्याकडे दुकान वगैरे असेल तर दुकान उघडायच्या आधीची वेळ द्या, आणि मुलाला बाहेर उभं करून ठेवू नका.

या भेटीच्या आधी आठ-दहा दिवस एका वहीत नुसतं टिपून ठेवा, कधी झालं, त्याच्या आधी काय झालं, कोण होतं. मग त्यांच्यासमोर ‘तो फार मारकुटा झालाय’ असं नाही, तर ‘मंगळवारी गणिताच्या तासाला फळ्यावरचं उतरवून होत नव्हतं, शेजारच्यानी वही दिली नाही तर त्यानी ती फाडली’ असं सांगता येतं. यात भांडायला काही नसतं, आणि कधीकधी कारणही तिथेच दिसतं. फळ्यावरचं उतरवतानाच दरवेळी बिनसत असेल तर आधी डोळे तपासायला सांगा, हाक मारल्यावर बघत नसेल तर कान.

आईचं ‘घरी असं करत नाही’ खोटं धरून चालू नका, मला तर तेच सगळ्यात कामाचं वाटतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, असेल तर त्याच्या खुणा साधारण एकाहून जास्त ठिकाणी दिसतात, फक्त शाळेतच होत असेल तर शाळेत बघायला हवं, कोणी चिडवतंय का, डबा काढून घेतंय का. अर्थात एडीएचडी हा शब्द तुम्ही उच्चारूच नका, ते डॉक्टरांचं काम. त्यांनाच विचारा, तुम्हाला काय वाटतं? झोप कशी आहे, घरात कोणी आजारी, नवं बाळ, असं काही? आणि मग थांबा, त्यांना बोलू द्या, आपल्याला टीचर म्हणून मधे बोलायची फार सवय असते. घरच्यांनाच ताण झेपत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, फुकट आहे.

ग्रुपवर त्याच्याबद्दल एक अक्षर नको. ज्या मुलाला लागलं त्याच्या आईला वेगळा फोन करा आणि तिच्या मुलाला सांभाळायला तुम्ही काय करताय एवढंच सांगा.

शेवटी सगळं एकदम सुधारायला घेऊ नका. एकच ठरवा, समजा राग आला की तुम्हाला खूण करून पाण्याची बाटली भरायला जायचं, शाळेतही आणि घरीही तेच. ज्या दिवशी त्यानी ते केलं त्या दिवशी आईला फोन करा, शाळेचा नंबर बघितला की तिच्या पोटात गोळा येत असणार, एकदा तरी तिला चांगलं ऐकू दे. आणि पुढच्या भेटीची तारीख उठायच्या आधीच ठरवून घ्या, पंधरा दिवसांच्या पुढची नको.