छतावरची उरलेली वीज शेजारी विकायची असेल तर

तुमचा प्रश्न असा: छतावर 5 किलोवॉटचं सोलर आहे, वीज उरते, ती शेजारच्या काकूंना थोड्या कमी दराने द्यायची आहे, भिंतीवरून केबल टाकली तर चालेल का?

केबल अजिबात टाकू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे वीज विकायला परवाना लागतो, हे एक. पण मला त्याहून जास्त काळजी वायरमनची वाटते. लाइन गेली की तुमचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तो खांबावरच्या माणसाला उलटा करंट बसू नये म्हणून. दोन मीटरची घरं एकमेकांना जोडलीत, की एकाचा फ्यूज काढला तरी दुसरीकडून वायर जिवंत राहते.

तशी केबलची गरजही नाही. तुमच्या छतावरून बाहेर गेलेली वीज जवळच वापरली जाते, म्हणजे बहुधा काकूंच्याच घरात. शेजारी-शेजारी वीजव्यापारात बदलतो तो फक्त हिशोब. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रेसिडेंट स्ट्रीटवर एप्रिल 2016 मध्ये असा पहिला व्यवहार झाला, तेव्हाही तारा जुन्याच होत्या. ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या वहीतली, नोंद तेवढी नवी होती.

आता पैशाचं बघा, कारण बरेच जण इथेच फसतात. नेट मीटरवर, म्हणजे आलेली आणि गेलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, बाहेर दिलेलं युनिट नंतर तुमच्याच बिलातून वजा होतं. म्हणजे तुम्हाला 10 रुपयांनी पडणारं युनिट काकूंना 7 ला दिलंत, तर 3 रुपयांचा तोटा. वर्षअखेर वजावट होऊनही जी युनिटं उरतात आणि वीज कंपनी कमी दराने घेते, विकण्यासारखी फक्त तीच. समजा त्यांचे 3 रुपये मिळतात आणि काकू 10 भरतात. मधल्या 7 रुपयांत तुम्ही दोघं आणि तारांचं भाडं, म्हणजे बिलावरचा ‘वहन आकार’, एवढं सगळं बसवायचंय. तो आकार मागणं मला रास्त वाटतं. खांब, ट्रान्सफॉर्मर कुणीतरी सांभाळतंच ना. खरा वाद तो किती असावा याचा आहे.

बांगलादेशात हे जास्त सहज जमलं. तिथे ग्रिड न पोचलेल्या खेड्यांत लाखो घरांवर छोटी पॅनेलं होती. दुपारी बॅटरी भरली की पुढचं ऊन वायाच जायचं. सोलशेअर या कंपनीने 2015 मध्ये शरियतपूरमध्ये अशी घरं डीसी तारांनी जोडली, म्हणजे पॅनेल-बॅटरीतून येते तशाच विजेच्या तारांनी. पॅनेल नसलेलं घरही शेजाऱ्याची वीज घेऊ लागलं. वाया जाणारी वीज विकली जात होती, म्हणून विकणाऱ्याचं नुकसान काहीच नव्हतं. हे चित्र मला फार आवडतं.

आपल्याकडे उत्तर प्रदेश आणि दिल्लीत वीज नियामक आयोगांनी अशा शेजारी-शेजारी विक्रीसाठी वाट करून दिली आहे. लखनौमध्ये प्रायोगिक प्रकल्पही झाला. तुमच्या राज्याच्या आयोगाची परवानगी नसेल तर आपापसात पैसे घेऊन वीज देऊ नका.

तोवर गेल्या बारा बिलांवरची इम्पोर्ट-एक्सपोर्ट (घेतलेली-दिलेली) युनिटं एका कागदावर मांडा. वर्षाच्या शेवटी दीड-दोनशेच युनिटं उरत असतील, तर ती विकण्यापेक्षा पाण्याची मोटर आणि गिझर चालवून घरातच वापरा.