फिश टँक, वीज आणि ओला हात : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : घरात प्रत्येक खोलीला एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आहे. तरीही फिश टँकसाठी आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवा, असे वायरमन सांगतो. हा खर्च खरोखर गरजेचा आहे का?

उत्तर : वायरमन बरोबर सांगतो आहे. एमसीबीचे काम वायरिंग जळू न देण्याचे आहे, माणसाला शॉकपासून वाचवण्याचे नाही. 6 अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जास्त प्रवाह वाहू लागल्यावरच पडतो. माणसाच्या शरीरातून मात्र 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला, तरी स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि 30 मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही काळ वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडू शकते. एवढ्याशा प्रवाहाची दखल एमसीबी घेतच नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. तडकलेल्या हीटरमधून पाण्यात, तिथून तुमच्या हातात आणि पायाखालच्या ओल्या फरशीत वीज उतरली, की परतीचा प्रवाह तेवढा कमी भरतो आणि आरसीसीबी वीज तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचाच घ्यावा. आयएस 12640 या मानकानुसार त्याने 30 मिलिअँपिअर गळतीला 0.3 सेकंदाच्या आत आणि पाचपट गळतीला 0.04 सेकंदाच्या आत पडले पाहिजे. त्याची मर्यादाही लक्षात असू द्या : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला आणि जमिनीत काहीच गळले नाही, तर आरसीसीबीला काही कळत नाही.

प्रश्न : टाकीच्या पाण्यात टेस्टर बुडवला तर दिवा मंद लागतो, पण मासे मजेत आहेत. काळजी करावी का?

उत्तर : माशांवरून अंदाज बांधू नका. जमिनीकडे वाट नसेल, तर तारेवरच्या चिमणीप्रमाणे मासाही सुखरूप राहतो. धोका हात घालणाऱ्याला असतो. टेस्टरचा निऑन दिवा मात्र अगदी क्षुल्लक प्रवाहावरही लागतो, आणि पंपाच्या कॉइलमुळे पाण्यात निर्माण होणारा निरुपद्रवी विद्युतदाबही त्याला पुरतो. मल्टिमीटरसुद्धा अशा वेळी बरेच व्होल्ट दाखवून घाबरवतो. तेव्हा पाण्यात हात न घालता एकेक प्लग काढून पाहा. एखादा प्लग काढताच दिवा विझला, तर त्या उपकरणाची काच, केबल आणि जोड नीट तपासा. हीटर असेल तर तो पुन्हा वापरू नये, असे माझे मत आहे. नव्या हीटरची किंमत फार नसते.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे, अर्थिंग नाही. टाकीत टायटॅनियमचा अर्थिंग प्रोब (पाण्यातली वीज अर्थिंगकडे नेणारी सळई) टाकून तो नळाच्या पाइपला जोडला तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. मध्येच पीव्हीसी पाइप असेल, तर वीज जमिनीत जाणारच नाही, आणि लोखंडी पाइप असेल, तर बिघाडाच्या वेळी शेजाऱ्यांच्या नळातही करंट उतरू शकतो. शिवाय आरसीसीबीशिवाय प्रोब हेच मुळात चुकीचे आहे : हीटरमधून वीज गळू लागली तर पाण्यातून प्रवाह वाहतच राहतो, तो तोडणारे कोणी नसते, आणि टाकीवरच्या बिघडलेल्या दिव्याच्या पत्र्याला एक हात लागलेला असताना दुसरा हात त्या अर्थ झालेल्या पाण्यात असेल, तर शॉक अधिक जोराचा बसतो. आधी आरसीसीबी बसवा. अर्थिंग नसले तरी तो काम करतो, फक्त अशा घरात गळतीला पहिली वाट बहुधा तुमच्या हाताचीच मिळते, म्हणजे क्षणभर झटका बसतोच. त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून योग्य अर्थिंग करून घ्यावे आणि मगच प्रोबचा विचार करावा. तेव्हा तो खरोखर उपयोगी पडतो, कारण हात घालण्याआधीच वीज तुटते.

प्रश्न : टाकी इन्व्हर्टरवर आहे. मेन बोर्डातला आरसीसीबी पुरेल ना?

उत्तर : वीज गेल्यावर नाही. तेव्हा पुरवठा बॅटरीतून, मेन बोर्डाच्या पुढे सुरू होतो. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळा आरसीसीबी लावा आणि त्या लाइनचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या न्यूट्रलशी कुठेही जोडलेला नाही याची खात्री करा, नाहीतर तो कारण नसताना पडत राहील. वेगळ्या आरसीसीबीचा आणखी एक फायदा म्हणजे गीझरमधून वीज गळली म्हणून टाकीचा एअर पंप बंद पडत नाही. गावाला जाणार असाल, तर वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंपही ठेवा.

प्रश्न : साफसफाई करताना काय जपावे?

उत्तर : हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असू शकते. पाणी उपसण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटे थांबा, तापलेली काच उघडी पडली तर तडकते. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर न ठेवता भिंतीवर उंच लावा, आणि प्रत्येक केबल प्लगच्या खालपर्यंत झोळ देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळाच्या तळाशीच ठिबकते. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवायचा असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह हवाच, अन्यथा वीज जाताच पाणी उलटे पंपात येते. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या.