कापलं सारखं, मग कोपरे का सरकतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या बचत गटात आम्ही चौघी जणी पायमशीनवर तुकड्यांच्या गोधड्या शिवतो. एका ब्लॉकला, म्हणजे तुकडे जोडून होणाऱ्या मोठ्या चौकोनाला, तीन ओळींत तीन-तीन असे ९ चौकोन, प्रत्येक साडेतीन इंचाचा कापतो. ब्लॉक साडेनऊ इंच भरायला पाहिजे. माझा भरतो, पण एकीचा नेहमी सव्वानऊच येतो आणि बाकी दोघींचे त्याच्या मधले. जोडायला घेतले की कोपऱ्याला कोपरा लागत नाही, ओढून लावला तर मधे फुगा येतो. सासूबाई म्हणतात, "थंडी काय कोपरे पाहून वाजते का वं?" पण गिऱ्हाईक कोपरेच पाहतं. उसवून उसवून कापड विरलं. काय करावं?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी उसवणं थांबवा. कात्रीचा दोष असता तर चौघींचेही ब्लॉक कधी मोठे, कधी लहान आले असते. तुम्ही लिहिता, एकीचा नेहमी सव्वानऊ. म्हणजे गडबड कापण्यात कमी आणि शिवण किती आत घेतली यात जास्त आहे.

हिशेब सुतारासारखा सुतात करू. १ इंच म्हणजे ८ सूत. शिवणीला पाव इंच, म्हणजे २ सूत कापड आत जातं. साडेतीन इंची चौकोनाचे दोन्हीकडून २-२ सूत गेले की वरून ३ इंच दिसतात. ओळीतल्या तिघांचे ९ इंच आणि दोन्ही टोकांच्या अजून न शिवलेल्या कडांचे २-२ सूत, मिळून साडेनऊ. आता समजा एखादीने अर्धा सूत जास्त आत घेतलं. हे जेमतेम दीड मिलिमीटर, चालत्या मशीनवर नजरेतही येत नाही. पण शिवणीत कापडं दोन, म्हणून एका शिवणीमागे १ सूत गेलं. ओळीत शिवणी दोन, म्हणजे २ सूत गेले. झाला साडेनवाचा सव्वानऊ! त्या बाईंना कोणी बोललं असेल तर शब्द मागे घ्या. दरवेळी सव्वानऊच येतो म्हणजे त्यांचा हात पक्का आहे. अख्खी गोधडी त्यांच्या एकटीच्या हातची असती तर आकाराने थोडी लहान झाली असती, पण कोपरे बरोबर बसले असते.

तेव्हा तुमचं काम एकच, चौघींचा पाव इंच एक करायचा. सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या प्रेशर फूटच्या कडेवर विसंबू नका, मशीन बदललं की ते अंतरही बदलतं. कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो, म्हणून शाळेतली स्टीलची पट्टी घ्या. कागदाच्या उजव्या कडेपासून २ सूत आत बारीक रेघ ओढा. हाताने चाक फिरवून सुई त्या रेघेवर टेकवा, आणि कागदाची कड जिथे येते तिथे मशीनवर डॉक्टरी चिकटपट्टीचे तीन-चार थर एकावर एक लावा. वावराच्या बांधासारखी कड तयार होते, कापड तिला टेकवून चालवायचं. चिकटपट्टी कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर येऊ देऊ नका. आणि शिवताना नजर सुईवर ठेवू नका, त्या कडेवर ठेवा. ही सवय लागायला वेळ लागतो, कारण शिवणक्लासात सगळ्यांना सुईकडे पाहायलाच शिकवलेलं असतं.

मग परीक्षा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली मोजा. बरोबर १ इंच पाहिजे. बहुतेक वेळा किंचित कमी भरेल, कारण दोरा आणि कापडाची घडीही थोडी जागा खातात. मग चिकटपट्टी केसभर सुईकडे सरकवा, पुन्हा तीन पट्ट्या. चारही मशीनवर, एकाच कापडाच्या पट्ट्यांवर आणि एकाच जाडीच्या दोऱ्याने हे करा. ते होईपर्यंत ऑर्डरचं कापड हातात घेऊ नका.

कापण्याबद्दल थोडंसं. पुठ्ठ्याचा नमुना कोपऱ्यांवर झिजतो, त्यापेक्षा जुन्या एक्स-रे फिल्मचा कापा. पेन्सिलची रेघ नमुन्याच्या बाहेर पडते, म्हणून कात्री रेघेच्या आतून चालवा. चारपेक्षा जास्त घड्या एकदम कापू नका, खालची घडी सरकतेच. आणि कापलेला तुकडा ठेवून त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं तर कधीच नको; दर तुकड्याला थोडं थोडं वाढत जातं. कापड नवं असेल तर आधी भिजवून वाळवा. मऊ पडलेल्या लुगड्याला भाताच्या पेजेची पातळ खळ द्या, मग ते कात्रीखाली पळत नाही.

इस्त्री फिरवू नका, ठेवा आणि उचला. फिरवली की कापड ताणतं आणि तुमचे २ सूत तिथेच जातात. शिवणीची घडी, म्हणजे मागे राहिलेलं २ सुतांचं कापड, गडद तुकड्याकडे वळवा. चार कोपरे आणि मधला चौकोन गडद असेल तर पहिल्या व तिसऱ्या ओळीच्या घड्या बाहेर वळतील, मधल्या ओळीच्या आत. ओळीवर ओळ ठेवली की दोन्ही घड्या एकमेकींना अडतात. बोटाने चाचपा, मधे खाच लागत नसेल तर कोपरा जुळला. तिथे टाचणी लावून शिवा. आपल्याकडे लाइट ऐन कामाच्या वेळी जाते, तेव्हा पाटावर ठेवून लाटण्याने घडी दाबली तरी तेवढ्यापुरतं भागतं.

आता जे ब्लॉक शिवून पडले आहेत त्यांचं. मोजून ढीग लावा. साडेनऊवाल्यांची एक गोधडी, सव्वानऊवाल्यांची दुसरी. मधल्या मापाचे जे उरतील त्यांना चारही बाजूंनी एकरंगी रुंद पट्टी जोडा आणि मग सगळे एकाच मापावर, समजा १२ इंचांवर, छाटा. पट्टी मधे आली की कोपऱ्याला कोपरा लावायचा प्रश्नच उरत नाही. इथून पुढे ओळ शिवली की ओळ मोजा, ब्लॉक झाला की ब्लॉक मोजा. कोपरा १ सुताच्या आत चुकला असेल तर सोडून द्या, वरून धावदोरा पडल्यावर तो मलाही सापडणार नाही. त्याहून जास्त असेल तर फक्त त्या कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंचा इंच-दीड इंच उसवा.

सासूबाई त्यांच्या गोधडीपुरत्या अगदी बरोबर बोलतात. त्या जुन्या लुगड्याचा अख्खा थर खाली अंथरतात, तुकडे त्यावर मांडून कडा दुमडतात आणि आरपार टाके घालतात. तुकडा कमी पडला तर शेजारचा वर चढवता येतो. तुमच्या ब्लॉकला खाली असा आधार नाही, कडेला कड शिवायची असते. त्यांच्याकडून धावदोरा मात्र शिकून घ्या. तसा टाका आपल्या मशीनला जमत नाही.

प्रश्न : वर्ध्याहून खादी आणून तुकडे जोडले. दोन धुण्यांत शिवणी निसटल्या. दोरा कच्चा होता का?
– एक वाचक, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दोऱ्यावर आळ घेऊ नका. जाड सुताच्या, सैल विणीच्या खादीच्या कडेचे धागे सुटत जातात आणि २ सुतांची शिवण पुरत नाही. ३ सूत आत घ्या आणि टाका बारीक ठेवा. वरून ३ इंच दिसायला हवे असतील तर चौकोन ३ इंच ६ सूत कापा. कापण्याआधी खादी रात्रभर भिजवा, ती चांगलीच आटते.

प्रश्न : चौकोन जमतात, पण दोन त्रिकोणांचा चौकोन केला की तो वाकडाच होतो.
– एक वाचक, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : त्रिकोणाची लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, असते, हात लागला तरी ताणते. म्हणून त्रिकोण आधी कापूच नका. गडद आणि फिका असे दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा, वरच्याच्या उलट बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना २-२ सुतांवर शिवा आणि मग रेघेवर कापा, दोन चौकोन मिळतील. वरून ३ इंच दिसायला पुस्तकी माप ३ इंच ७ सूत आहे. मी सरळ ४ इंच कापते आणि इस्त्रीनंतर साडेतीनवर छाटते. कापड थोडं वाया जातं, जाऊ द्या. छाटताना तिरपी शिवण दोन्ही टोकांना बरोबर कोपऱ्यातून निघते का, तेवढं पाहा.