तो कशाची वाट पाहतो, ते बघ

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्याकडे आलेला जो मुलगा जन्मापासून पाहत नाही, ऐकत नाही आणि ज्याला आजवर कुणी एक खूणही शिकवलेली नाही, तो विचार करतो तरी कशात, असं तू विचारलं आहेस. अशा मुलांना शिकवण्याच्या कामात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडायला हवा. पडत नाही, म्हणून मुलांची वर्षं वाया जातात.

डोळे मिटून, कानात बोळे घालून बसून पाहिलंस, असं लिहिलंस. त्यातून फारसं हाती लागणार नाही. तुझ्या डोक्यात मराठी चालूच राहते, खोलीचा आराखडा आधीपासून तयार असतो. त्याचं मन म्हणजे तुझ्या मनातून डोळे-कान वजा केले की उरतं ते नव्हे. ते वेगळ्याच सामानातून उभं राहिलेलं आहे: कंप, वास, ऊब, वजन, पायाखालचा उतार, अंगावर येणारा वारा. आणि यामागून ते येतं, हा क्रम. या क्रमातच त्याचा विचार तुला सापडेल.

माझ्याकडे येणारा एक मुलगा आईबरोबर ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून रबाळ्याला जायचा. खाडीचा पूल लागला की डब्याचा थरथराट बदलतो, खारट वास आत येतो. तिथे तो ताठ व्हायचा. मग पहिला थांबा, ऐरोली, गेला, की हात दप्तराच्या पट्ट्याकडे. आई म्हणायची, माझं अंग सावरतं त्यावरून त्याला कळत असेल. शंका रास्त होती. म्हणून एकदा आईला समोरच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या शेजारी मी बसले, मुद्दाम सैल, मागे रेलून. हात पट्ट्याकडे गेलाच. पुढे जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, मधे एक थांबा वाढला, आणि हा ऐरोलीलाच उठून उभा! आई हाताला धरून खाली बसवतेय, हा चिडून दाराकडे ओढतोय. त्याला वेड लागलंय असं डब्यातल्या लोकांना वाटलं असेल. मला मात्र त्याच्या मनातली मांडणी त्या दिवशी लख्ख दिसली. पूल, एक थांबा, मग आपलं स्टेशन. जगाने मांडणी मोडली आणि तो चुकला. काही दिवसांत त्याने नवी मांडणी बसवली, तीही कुणी न सांगता.

तेव्हा मूल कुठे चुकतं, कुठे चिडतं, कुठे थबकतं, ते नोंदव. ‘हट्टीपणा’ असा शेरा मारून पुढे जाऊ नकोस.

हेलन केलरची गोष्ट तुला पाठ असेल. ५ एप्रिल १८८७, अलाबामातल्या घरचा पंप, एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्या हातावर तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हनबाई बोटांच्या खुणांनी देत असलेली अक्षरं, आणि त्या अंध-बहिऱ्या मुलीला उमगलं, ही अक्षरं म्हणजे ‘पाणी’. ती सांगताना आपण दोन गोष्टी गाळतो. एक, १९ महिन्यांची होईपर्यंत हेलन पाहत-ऐकत होती. आपल्या बऱ्याच मुलांना तेवढीही शिदोरी नसते, तेव्हा असल्या एका क्षणाची वाट बघत बसू नकोस. दुसरी, बाई येण्याआधीच तिच्या स्वतःच्या कितीतरी खुणा होत्या. पाव हवा असेल तर काप करून लोणी लावल्याचा अभिनय, आइस्क्रीम हवं असेल तर यंत्र फिरवून कुडकुडणं. किल्लीचा उपयोग कळल्यावर तिने एकदा आईला कोठीच्या खोलीत कोंडलं आणि आई दार बडवतेय त्याचा कंप अंगाला जाणवून बाहेर हसत बसली. एवढा बेत रचणाऱ्या डोक्यात विचार नव्हता, असं मी तरी म्हणणार नाही.

आणि तरी १९०८ साली खुद्द हेलनने लिहिलं, की शिक्षिका येण्यापूर्वी आपण आहोत हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. मी दोन्ही खरं मानते. पाव मिळवायचा विचार तिच्यापाशी होता, आईची फजिती करायचाही होता. स्वतःकडे वळून ‘ही मी’ म्हणायचा नसावा. तो भाषेबरोबर आला.

भाषा आल्यावर विचार कुठे राहायला जातो, हे लॉरा ब्रिजमनकडे पाहून कळतं. तीही अंध-बहिरी. हेलनच्या कितीतरी आधी, १८३७ साली, ती बॉस्टनच्या अंधांच्या शाळेत आली. पुढे ती एकटी असताना स्वतःशी बोटांनी बोलायची, झोपेतही तिची बोटं हलायची. उजव्या हाताने स्पेलिंग चुकलं तर डाव्या हाताने त्याला चापट मारायची, बाई मारायच्या तशी! आपण मनातल्या मनात पुटपुटतो, ती बोटांतल्या बोटांत पुटपुटत होती.

शब्द आणि विचार एकच नव्हेत याचा पुरावा मोठ्या माणसांतही आहे. मेंदूला इजा होऊन वाक्यरचना गेलेल्या तीन माणसांचा, इंग्लंडमधल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सिंहाने माणसाला मारलं की माणसाने सिंहाला, हे त्यांना वाक्यावरून कळत नव्हतं. पण ५९ उणे १३ आणि १३ उणे ५९ यांतला फरक कळत होता. अर्थात त्यांच्यापाशी आधी आयुष्यभर भाषा होती, हे विसरू नकोस.

आता जे सांगते ते जास्त महत्त्वाचं आहे. ‘भाषेशिवायही विचार असतो’ हे ऐकून काही लोक निवांत होतात. तू होऊ नकोस. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात १९७७ च्या सुमारास मानाग्वाला कर्णबधिर मुलांची शाळा निघाली आणि मुलांनी आपसांत नवी सांकेतिक भाषा घडवली. पहिल्या तुकडीच्या खुणांत ‘त्याला वाटतं’, ‘त्याला ठाऊक नाही’ यांसाठी फारसं काही नव्हतं. ही माणसं मोठी झाल्यावर त्यांना चित्रांतून एक गोष्ट दाखवली: एकाने वस्तू ठेवली, तो बाहेर गेला, मागे दुसऱ्याने ती हलवली, परत आल्यावर पहिला ती कुठे शोधेल? नोकरीधंदा करणारी माणसं, पण बरीच अडखळली. काही वर्षांत धाकट्यांकडून त्या खुणा शिकल्यावर तीच माणसं सुधारली. २००९ साली हे छापून आलं. दोन वर्षांनी तिथल्याच, कोणतीही भाषा न मिळालेल्या प्रौढ कर्णबधिरांचा अभ्यास आला. बोटं दाखवून ते संख्या सांगायचे, पण तीनच्या पुढे नेमकेपणा सुटायचा. माझ्या त्या मुलाचं स्टेशन रबाळे होतं म्हणून निभावलं. त्याच मार्गावर आणखी तीन थांबे पुढचं तुर्भे असतं तर नुसते थांबे धरून तो पोचला असता का, याची मला शंका आहे.

म्हणून भाषेची घाई कर. पण घाईत तुझ्याकडच्या मुलाचे हात पकडू नकोस. पाहायला, ऐकायला, बोलायला त्याच्याकडे तेच आहेत. खांद्याला हळूच स्पर्श करून ‘मी आले’ कळव. तुझ्या हातातलं कडं रोज तेच ठेव आणि पहिल्यांदा ते त्याला चाचपू दे. काही दाखवायचं तर तुझा हात त्याच्या हाताखाली ठेव, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो.

दिवसाची मांडणी वस्तूंनी कर. नेदरलँड्समधल्या यान फान डाइक यांनी अशा मुलांसाठी रुजवलेली ही पद्धत आहे. ओळीने कप्पे, प्रत्येकात पुढच्या कामाची वस्तू: जेवणाचा चमचा, झोपाळ्याच्या दोरीचा तुकडा. काम संपलं की त्याच्याच हाताने ती वस्तू ‘संपलं’च्या डब्यात. चमचा हाती देऊन थांब. आपल्याला फार वाटेल इतकं थांब. तो तोंड उघडतो, की पाटाकडे वळतो, की चमचा फेकतो, तिन्ही उत्तरंच आहेत. हे पक्कं झालं की त्याच वस्तूबरोबर हातावर खूण द्यायला लाग.

नवी मुंबईत महाप्याला अशा मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट आहे. बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत सुरू केलेल्या कामातून ती वाढली. परवानगी काढून तिथल्या अनुभवी शिक्षकांचे हात बघून ये.

आणि त्याच्या आईशी बोल. ‘याला काही कळत नाही’ असं ती म्हणाली, तर वाद घालू नकोस. घरी तो कशाची वाट पाहतो, ते विचार. कुकरची शिट्टी त्याला ऐकू येत नाही, पण ओट्याला हात लावून उभा राहतो का? बाबा यायच्या वेळी दाराशी जातो का? कुठला वास आला की खुलतो? तिची उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून मला पाठव. शनिवारी मी वाशीला येणारच आहे. तेव्हा कप्प्यांत ठेवायच्या पहिल्या तीन वस्तू आपण दोघी तिच्या यादीतूनच निवडू.

तुझी,
बाई