धूर, मेंदू आणि वाया जाणारे तास

‘इंदूर स्वच्छतेत पहिलं, मग इथल्या हवेची काळजी कशाला?’ हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. झाडलेल्या रस्त्यावरून धूर सोडत गाड्या जातातच. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, यांची भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५. पुढे बोलू.

रोज स्कूटीवरून राजवाड्याला जाते. डोकं दुखतं. मेंदूवर परिणाम झाला असेल का? (पलासिया)

धुराने डोकं दुखतं, मेंदू लगेच बिघडत नाही. एन-९५ मास्क लावा, ओढणीने बारीक कण अडत नाहीत. दुखणं वारंवार होत असेल तर तपासून घ्या.

आई विसरायला लागली आहे. मेंदूतलं प्रदूषण काढणारे थेंब मिळतात, द्यावेत का? (सुदामानगर)

नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत हवेचं प्रदूषण धरलं, तेवढंच जाहिरातवाले उचलतात. त्याच यादीत रक्तदाब, मधुमेह आणि कमी ऐकू येणंही आहे. बी-१२, थायरॉईड आणि कान आधी तपासा. यातलं बरंच सुधारतं.

बाबा ६८ वर्षांचे. धुरकट सकाळी फिरून आले तेव्हा तोंड वाकडं झालं, हातातला चहाचा कप सुटला. अर्ध्या तासात सगळं ठीक. काका म्हणतात, थंडीचं वारं गेलं. दाखवायला हवं का? (लोकमान्यनगर)

आजच, हे वाचून झाल्या झाल्या. हा पक्षाघाताचा तात्पुरता झटका आहे, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला, असं धरूनच चाला. मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. धुराचा हात असू शकतो: बारीक कणांनी वाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याकडे झुकतं, रक्तदाब चढतो. पण तो वाद नंतर घालू. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलंच हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून शेवटचे धडधाकट कधी दिसले, ती वेळ लिहून ठेवा. लोक मालिश करतात, कबुतराचं रक्त चोळतात, ‘झोपून उठले की बरे होतील’ म्हणतात, आणि वेळ हातची जाते! मनाने ॲस्पिरिनही देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर जिवावर बेतेल.

एअर प्युरिफायर घ्यावा का?

बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा, खोलीच्या मापाचा. ओझोन सोडणारा नको. आधी डासांची कॉइल आणि उदबत्ती बंद करा, ते फुकट आहे.

थंडीत पहाटे फिरावं का?

ऊन वर आल्यावर. तेव्हा धूर जमिनीलगत साचून राहत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.