वाचकांचे प्रश्न : छपराचे काम कोणाला द्यावे?

प्रश्न : दापोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित जांभ्याचे कौलारू घर आहे. काही वासे वाळवीने पोखरले आहेत आणि शाकारणीला हल्ली माणूस मिळत नाही, म्हणून कौले उतरवून लोखंडी कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) रंगीत पत्रे घालण्याचे आम्ही ठरवले आहे. एका स्थानिक कंत्राटदाराने प्रति चौरस फूट दराने कोटेशन दिले असून जीएसटी क्रमांक, लघुउद्योगांसाठीचे ‘उद्यम’ नोंदणीपत्र आणि आयएसओ प्रमाणपत्राची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहे. तो दहा वर्षांची गॅरंटी देतो, मात्र साठ टक्के रक्कम आगाऊ मागतो. आम्ही डोंबिवलीला राहत असल्यामुळे रोज देखरेख करणे शक्य नाही. काम देण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

उत्तर : आपल्याकडे आलेले तिन्ही कागद खरे असू शकतात, पण त्यांपैकी एकही कागद या माणसाला छप्पर घालता येते असे सांगत नाही. वीजजोडणीचे काम करणाऱ्याला शासनाचा परवाना लागतो. खासगी घराचे छप्पर घालणाऱ्याला तसा स्वतंत्र परवाना आपल्या राज्यात नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी होते, ती सरकारी कामांसाठी असते, आणि ती नसली म्हणून गावातला मिस्त्री कमी ठरत नाही. त्यामुळे कागद तपासावेत ते माणूस कोण आहे, हे कळण्यापुरते. त्याचे काम कसे आहे, हे त्याने पूर्वी घातलेल्या छपराखाली उभे राहूनच कळते.

कागदांची तपासणी घरबसल्या होण्यासारखी आहे. जीएसटी क्रमांकात पंधरा अंक-अक्षरे असतात. महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर सुरुवात २७ ने होते, गोव्याची असेल तर ३० ने, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यवसायाचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणालाही पाहता येते. तेथील नाव, कोटेशनवरचे नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे भरायला सांगितले आहे त्या खात्याचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील तर कारण विचारावे आणि पटेपर्यंत पैसे पाठवू नयेत. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे : छपराचे कंत्राट सेवेत मोडते आणि वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा क्रमांक नसलेला मिस्त्री लबाड असतो असे नव्हे. क्रमांक नसताना बिलात जीएसटी लावणारा मात्र नक्कीच चुकीचे वागतो, कारण नोंदणी नसलेल्याला तो कर गोळा करण्याचा अधिकारच नाही. ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क असून अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर होते. आयएसओ प्रमाणपत्र हे कारभाराच्या पद्धतीबद्दल असते, पत्रा गळणार नाही याबद्दल नसते. या दोन्ही कागदांवर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. त्याच्याकडून तीन घरांचे पत्ते मागावेत : एक गेल्या वर्षी केलेले, एक किमान चार-पाच पावसाळे पाहिलेले आणि शक्य असल्यास एक समुद्राजवळचे. नव्या कोऱ्या छपराचे फोटो सगळेच दाखवतात. आपल्याला हवे आहे ते जुने छप्पर. तेथे दिवसाउजेडी जावे, आतून वर पाहावे आणि प्रत्येक स्क्रूच्या खाली गंजाचा तांबूस ओघळ उतरला आहे का, ते बघावे. आढ्यावरची टोपी आणि दोन पाखी जिथे मिळतात ती पन्हळ या दोन जागी काम करणाऱ्याचा हात कळतो, कारण सपाट पाख्यावर पत्रा अंथरणे कोणालाही जमते. मग घरातल्या बाईंना विचारावे की आषाढात पातेले कुठे ठेवावे लागते. पुरुष मंडळी कंत्राटदाराशी असलेल्या ओळखीपोटी ‘काम चांगले आहे’ म्हणून मोकळी होतात. पातेल्याची जागा ज्यांना ठाऊक असते त्या सहसा खरे सांगतात. आणखी एक प्रश्न तेथेच विचारावा : कामावर कोण आले होते? अनेकदा कंत्राट घेणारा एक, लोखंडी कैच्या जोडणारा फॅब्रिकेटर दुसरा आणि पत्रे चढवणारी टोळी तिसरीच असते. जी टोळी तेथे होती तीच आपल्याकडे येणार का, हे करारात लिहून घ्यावे.

कोकणात पाण्याइतकाच वाऱ्याचा विचार केला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आपल्या भागाने उडालेले पत्रे पाहिलेले आहेत. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. वारा पत्र्याला दाबण्यापेक्षा वर उचलतो, आणि हा उचलणारा जोर वळचणीला, आढ्याला व कोपऱ्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणून कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, कैची जांभ्याच्या भिंतीला कशी बांधणार? भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी फिरवून तिच्यात बोल्ट बसवणार असे उत्तर आले तर ठीक; जांभ्यात भोक पाडून खुंटी ठोकणार असे म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दुसरा, वळचणीच्या ओळीत स्क्रू किती अंतराने मारणार? ‘सगळीकडे सारखेच’ हे उत्तर पुरेसे नाही. हे प्रश्न ऐकून जो चिडतो त्याच्यापेक्षा जो वहीत आकृती काढून दाखवतो तो बरा, मग त्याच्याकडे आयएसओ असो वा नसो.

कोटेशनमध्ये दर लिहिला आहे, पण क्षेत्रफळ कोणते, ते आपण कळवलेले नाही. समजा घर ३० फूट बाय ४० फूट आहे. जोत्यावर मोजले तर १,२०० चौरस फूट भरते. चारी बाजूंना दोन-दोन फुटांची वळचण धरली तर ३४ बाय ४४, म्हणजे १,४९६ होते. पाख्यांचा उतार तीस अंशांचा असेल आणि मोजमाप उतारावरून घेतले तर तेच क्षेत्र सुमारे १,७३० चौरस फुटांवर जाते. पत्रा उतारावरच अंथरला जात असल्यामुळे हे शेवटचे मोजमाप गैर नाही. मात्र तोंडी बोलताना १,२०० आणि बिलात १,७३० असे झाले की भांडण ठरलेले. मोजणीची पद्धत, पत्र्यांची एकमेकांवर येणारी दुमड मोजायची की नाही, आढ्याची टोपी, पन्हळी, जुने छप्पर उतरवणे आणि वाहतूक हे सारे दरात धरले आहे का, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे.

पत्र्याबाबत ‘पॉइंट पाच एमएमचा’ एवढे शब्द पुरत नाहीत. ही जाडी रंग व धातूच्या मुलाम्यासह आहे की आतल्या मूळ पोलादाची, हे विचारावे, मुलाम्यासह ०.५० मिमी असलेल्या पत्र्यात पोलाद त्याहून कमी असते. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, तेही महत्त्वाचे. खाऱ्या हवेत दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅमपेक्षा कमी मुलाम्याचा पत्रा घेऊ नये, असे आमचे मत आहे. चांगल्या कंपनीच्या पत्र्यावर नाव, जाडी व मुलाम्याचा तपशील ओळीने छापलेला असतो. माल उतरताना त्या ओळीचा फोटो मागवावा आणि जमल्यास मायक्रोमीटरने दोन-तीन पत्रे मोजावेत.

दहा वर्षांच्या गॅरंटीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. पत्र्याच्या रंगाची व मुलाम्याची हमी कंपनी देते, आणि समुद्रापासूनच्या अंतराविषयी तिच्या अटी अनेकदा असतात. त्या खरेदीपूर्वी वाचाव्यात. जोडकाम, स्क्रू आणि गळती यांची जबाबदारी कंत्राटदाराची असते, व ती तो किती वर्षे घेणार आणि कळवल्यापासून किती दिवसांत येणार, हे लेखी हवे. कंपनीची हमी पुढे उपयोगी पडावी म्हणून पत्र्यांचे बिल आपल्या नावावर घ्यावे आणि त्याचे पैसे शक्यतो थेट विक्रेत्याला द्यावेत. असे केले की साठ टक्के आगाऊ रकमेचा प्रश्नही बराचसा सुटतो. कारागिरीसाठी दहा-पंधरा टक्के आगाऊ, कैच्या उभ्या राहिल्यावर एक हप्ता, पत्रे चढल्यावर दुसरा, आणि दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा उलटल्यावर, अशी विभागणी सुचवावी. ती मान्य होईल किंवा थोड्या घासाघिशीने बदलेल. पण शेवटचा हप्ता पावसानंतर ठेवायलाच जो नकार देतो, त्याला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही, असे समजावे.

एक गोष्ट सहसा कोणी लिहून घेत नाही, ती म्हणजे उतरवलेल्या कौलांची व लाकडाची मालकी. जुन्या घरातले सागाचे किंवा फणसाचे वासे, तुळया यांना चांगली किंमत येते, आणि ‘सगळे सडले आहे, आम्हीच घेऊन जातो’ असे म्हणणारे बरेच असतात. कंत्राटदार शिडी लावून वर न चढताच सर्व लाकूड बाद ठरवत असेल तर एखाद्या सुताराला स्वतंत्रपणे दाखवावे. काही वासे बदलून कौले तशीच ठेवणे शक्य आहे, असेही कदाचित तो सांगेल. लाकूड कंत्राटदाराला द्यायचे असल्यास त्याची किंमत ठरवून बिलातून वजा करावी.

टोळीतील कामगारांच्या अपघात भरपाईची विमा पॉलिसी आहे का, ते पाहावे आणि तिची मुदत कामाच्या तारखांना पुरते याची खात्री करावी. घर सामाईक असल्यास भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी, तसेच छपराचा ढाचा बदलत असल्याने ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावे, कारण घराचे वर्णन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या घरांच्या नोंदवहीत असते. सर्व बोलणी दिवाळीनंतर लगेच करावीत. मे महिन्यात चांगला मिस्त्री मोकळा नसतो, आणि जो मोकळा असतो तो का मोकळा आहे, याचा विचार करावा लागतो.

प्रश्न : पुण्यातील आमच्या बारा वर्षे जुन्या सोसायटीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आहे. तीन कोटेशन आली असून सर्वांत कमी दर देणारा स्वतःला एका नामांकित कंपनीचा अधिकृत अ‍ॅप्लिकेटर म्हणवतो. सभासदांचा कल त्याच्याकडे आहे. तो निवडावा का?

उत्तर : ‘अधिकृत’ या शब्दाची खातरजमा कंपनीकडूनच करावी. त्याने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर फोन न करता कंपनीच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर करावा, आणि अधिकारपत्राची मुदत विचारावी. कंपनीची हमी हवी असेल तर ती कोणाच्या सहीने व कोणत्या अटींवर मिळणार, हे तेथेच स्पष्ट होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिन्ही कोटेशन एकाच कामाची आहेत का, ते पाहावे. एकजण जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) काढून नव्याने करणार असेल आणि दुसरा वरच्यावर रसायनाचे दोन हात मारणार असेल, तर त्यांच्या दरांची तुलनाच होऊ शकत नाही. सोसायटीने स्वतंत्र अभियंत्याकडून कामाची एकच यादी करून घ्यावी आणि तिन्ही कंत्राटदारांना तिच्यावर नव्याने दर भरायला सांगावे. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याचा प्रस्ताव कोणी दिला असेल, तर वाढणाऱ्या वजनाबद्दल अभियंत्याचे लेखी मत घेतल्याशिवाय तो स्वीकारू नये. काम झाल्यावर पाण्याच्या निचऱ्याची तोंडे बंद करून गच्चीवर ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी, तीत खालच्या मजल्यावर ओल दिसली नाही तरच अंतिम बिल द्यावे, आणि ही अट कार्यादेशातच असावी. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते, त्यामुळे वरच्या मजल्यावरील सभासदांकडून वेगळी वर्गणी मागू नये.

ज्यांच्या इमारतीचा ताबा मिळून अद्याप पाच वर्षे झालेली नाहीत, त्यांनी कंत्राटदार शोधण्याआधी बिल्डरला लेखी कळवावे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार अशा मुदतीत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. स्वतःहून तोडफोड केल्यास तो नेमके त्याकडेच बोट दाखवतो.

प्रश्न : नाशिकमध्ये एप्रिलमध्ये गच्चीवर पत्र्याची शेड करून घेतली, जुलैत ती गळू लागली. कंत्राटदार आता फोन घेत नाही. करार केलेला नाही, पैसे यूपीआयने दिले आहेत. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल. यूपीआयचा तपशील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण हे व्यवहाराचे पुरावेच आहेत. ते जपून ठेवावेत. गळतीचे फोटो व चित्रफिती तारखेसह घ्याव्यात, आणि दुसऱ्याकडून दुरुस्ती करण्यापूर्वी एखाद्या अभियंत्याचा छोटा लेखी अहवाल घ्यावा, कारण एकदा शेड उघडली की मूळ दोष दाखवता येत नाही. नंतर पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोष निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील देणेही बंधनकारक नाही. कंत्राटदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी आपण जेथे राहता तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते.