इंग्रजी समजतं, पण बोलताना वाक्य अडतं आणि ईमेल लिहायला तास जातो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम.पर्यंत शिक्षण मराठीत झालं, इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर अडकतं. क्लास लावू का, असंही विचारलंय. आधी क्लासचं सांगून टाकते. तिथे तुम्हाला रोज निदान दहा-पंधरा मिनिटं स्वतः बोलायला मिळणार असेल तर जरूर लावा. चाळीस जणांसमोर सर फळ्यावर बारा काळ लिहिणार असतील, तर ते आपलं पाचवीपासून झालेलंच आहे.

पाचवी म्हणते, कारण महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं आणि मी त्याआधीची. निफाड तालुक्यातली झेडपीची शाळा, मग डिप्लोमा, मग सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला नोकरी. परदेशी ग्राहकाला ईमेल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं व्याकरण त्यातल्या त्यात बरं होतं.

एकदा त्यांच्या सुधारित ड्रॉइंगमधलं एक माप मला पटेना. मी लिहिलं, ‘वुई हॅव अ डाउट अबाउट युवर ड्रॉइंग. काइंडली रिव्हर्ट.’ माझ्या मते अगदी नम्र ईमेल. पण आपल्याकडे ‘डाउट’ म्हणजे विचारायची शंका, त्यांच्याकडे ‘डाउट’ म्हणजे विश्वास नसणं. आपल्याकडे ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या, त्यांच्याकडे ‘रिव्हर्ट’ म्हणजे पहिल्या स्थितीला परत जा. दुसऱ्या दिवशी जरा फुगलेलंच उत्तर आलं: आमच्या ड्रॉइंगमध्ये नक्की काय चूक आहे, आणि जुन्या ड्रॉइंगवर परत जायला का सांगताय? तीन दिवस आणि एक लांबलचक फोन यात गेला. व्याकरणाची एकही चूक नव्हती हो त्यात!

त्या दिवशी मी शंभर पानी वही घेतली. डाव्या पानावर मी लिहिलेलं किंवा बोललेलं वाक्य, उजव्या पानावर तीच गोष्ट ते लोक कशी म्हणतात ते. दोन-तीन महिन्यांत लक्षात आलं की माझ्या चुका शेकडो नाहीत. दहा-बाराच आहेत, त्याच फिरून फिरून येतात, आणि बहुतेकींच्या खाली एक मराठी वाक्य दडलेलं असतं.

‘मी कालच आलेय’ हे मराठीत बिनचूक. त्याचं होतं ‘आय हॅव कम यस्टर्डे’. इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ बसत नाही. ‘आय केम यस्टर्डे’. ‘पाच वर्षांपासून’चं होतं ‘सिन्स फाइव्ह इयर्स’. आपल्या एका ‘पासून’साठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत: सुरुवात कुठून ते सांगायचं तर ‘सिन्स २०१९’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ होतं, हवं ‘धिस मॉर्निंग’. ‘पुण्यातच राहतो’ मधला ‘च’ तर आपल्याला सोडवत नाही, म्हणून ‘आय स्टे इन पुणे ओन्ली’. आणि ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ (हवं ‘आय हॅव टू ब्रदर्स’) हे मी मुलाखतीत म्हणाले होते, तरी नोकरी मिळाली.

फोनवर सगळ्यात घातक हो-नाही. समोरचा विचारतो, ‘रिपोर्ट अजून पाठवला नाहीत?’ आपण मराठीत म्हणतो, ‘हो, नाही पाठवला.’ म्हणून इंग्रजीतही तोंडातून ‘येस’ निघून जातं आणि तो समजतो, पाठवला. तिथे ‘नो, आय हॅवन्ट’च म्हणायचं. प्रश्न कसा विचारलाय ते बघायचं नाही. काम झालं नसेल तर ‘नो’.

‘अ’ आणि ‘द’ माझे अजूनही चुकतात. मराठीत तसं काही नाहीच, त्यामुळे कानाला ते खटकत नाही. पहिल्यांदा सांगताना ‘अ’, आणि कोणती वस्तू ते दोघांनाही ठाऊक झालं की ‘द’, एवढ्यावर निम्मं काम भागतं. उरलेल्यासाठी अडून बसू नका.

आता बोलण्याचं. अडखळण्याचं कारण दर वेळी शब्द कमी असणं हे नसतं. तुम्हाला वाचलेलं कळतंय, म्हणजे शब्द आत आहेत. ते वेळेवर बाहेर येत नाहीत एवढंच. यासाठी भाषाशिक्षकांचा एक व्यायाम आहे, चार-तीन-दोन. एक विषय घ्यायचा, तोही आपल्या कामातलाच, आणि त्यावर चार मिनिटं बोलायचं. मग तेच सगळं दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत, म्हणून वाक्यं आपोआप जोडली जातात. मी हे कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मैत्रिणीवर केलं. तीच बिचारी तिन्ही वेळा ऐकायची. कोणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज पहिले चार दिवस ऐकवत नाही, नंतर सवय होते.

उच्चारांत परदेशी ढब आणायच्या नादी लागू नका, आघाताकडे लक्ष द्या. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एकावर जोर असतो आणि बाकीची गिळली जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण ‘फटॉग्रफी’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो. ‘व्हेजिटेबल’ प्रत्यक्षात ‘व्हेजटबल’ असं येतं. जोर चुकीच्या जागी पडला की समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही. दुसरं, ‘वर्केड’, ‘आस्केड’ म्हणू नका. ते ‘वर्क्ट’, ‘आस्क्ट’ आहे. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच एक अक्षर वाढतं, जसं ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात शब्दाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवलं की उच्चार ऐकू येतो, फुकट. बीबीसी तर १९४३ पासून इंग्रजी शिकवतंय. त्यांचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मजकुरासह मिळतो. एकदा ऐका, एकदा वाचा, मग त्यांच्याबरोबरच मोठ्याने म्हणा.

लिहिण्यासाठी मला जे सगळ्यात उपयोगी पडलं ते जवळजवळ तीनशे वर्षं जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिन बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना त्याच्या हातात ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड आला. आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याची तो छोटी टिपणं काढायचा, काही दिवस ती बाजूला ठेवायचा, मग टिपणांवरून तोच निबंध आपल्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून बघायचा. आत्मचरित्रात त्याने हे सांगितलंय. मी ते ग्राहकाच्या ईमेलवर केलं. नीट लिहिलेला सहा-सात ओळींचा ईमेल घ्यायचा, प्रत्येक वाक्यासाठी मराठीत दोन-तीन शब्द टिपायचे, चार दिवसांनी त्यावरून इंग्रजीत लिहायचं आणि शेजारी शेजारी ठेवायचं. जिथे फरक, तिथे तुमचा धडा. तो वहीत. तुम्ही कॉमर्सचे आहात, तर मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं निवेदन घ्या. विषय ओळखीचा असल्याने अर्थ लावण्यात वेळ जात नाही.

हल्ली लोक थेट एआयकडून लिहून घेतात. घ्या की, पण आधी स्वतःचं लिहा आणि त्याला फक्त चुका दाखवायला सांगा. नाहीतर इंग्रजी त्याचं चांगलं होतं, आपलं नाही, आणि फोन आला की उघडं पडतं.

शब्दांच्या याद्या पाठ करणं मी सोडलं. त्याऐवजी सोपी पुस्तकं वाचली, ज्यात पानाला दोन-तीनच शब्द अडतील अशी. ऑक्सफर्ड आणि पेंग्विन दोघांचीही पायरीपायरीने लिहिलेली पुस्तकं आहेत. लहान मुलांची वाटतात म्हणून लाजू नका. मी ती कव्हर घालून वाचायचे.

मला न घाबरता फोन उचलायला दीड वर्ष लागलं. तुमचं आत्ताच बरंच कळतंय, त्यामुळे कदाचित कमी लागेल. एखादा ईमेल, नावं काढून, इथे टाका. मराठी कुठे डोकावतंय ते सांगते. फक्त शेवटी ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहू नका.